ट्राउट फ्लाय बांधताना दोऱ्याचा रंग कसा निवडायचा? संपूर्ण माहिती



पांढरा शर्ट घालून पावसात सापडलात की काय होतं? दोन मिनिटांत आतलं बनियन दिसायला लागतं. शर्ट तोच, बनियन तेच, फक्त मध्ये पाणी आलं. आजचा सगळा लेख या एका गोष्टीवर उभा आहे. फ्लायमधला दोरा म्हणजे ते आतलं बनियन. कोरडं असताना दिसत नाही, म्हणून आपण त्याचा विचार करत नाही. आणि मासा तर फ्लाय कायम ओलीच बघतो.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि गेली तीन वर्षं अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात, डेन्व्हरजवळ राहतो. इथे शनिवार-रविवार नदीवर जाऊन ट्राउट पकडणं आणि परत सोडून देणं हा मोठा छंद आहे. आमच्याच इमारतीत एक निवृत्त गणिताचे शिक्षक राहतात. वय सत्तरीच्या पुढे. मी त्यांना सर म्हणतो. फ्लाय बांधायला त्यांनीच मला शिकवलं आणि दोऱ्याच्या रंगाची माझी सगळ्यात मोठी चूक त्यांच्याच वाट्याला आली. ती गोष्ट पुढे सांगतोच, पण आधी मूळ मुद्दे समजून घेऊ.

फ्लाय म्हणजे नेमकं काय?

ट्राउट हा थंड, वाहत्या, स्वच्छ पाण्यातला मासा आहे. महाराष्ट्रातलं पाणी त्याच्यासाठी गरम पडतं, त्यामुळे आपल्याकडे तो नाही. भारतात काश्मीर, हिमाचल, निलगिरी आणि मुन्नारच्या थंड पाण्यात तो आहे, पण तोही ब्रिटिशांनी बाहेरून आणून सोडलेला. हिमाचलमधली तीर्थन नदी त्यासाठी बरीच प्रसिद्ध आहे.

ट्राउटचं मुख्य खाणं म्हणजे पाण्यातले छोटे किडे. त्या किड्यांची नक्कल गळावर पिसं, लोकर, केस आणि दोरा गुंडाळून करतात. तिलाच फ्लाय म्हणतात. पाण्यावर तरंगते ती ड्राय फ्लाय, पाण्याखाली बुडते ती वेट फ्लाय, आणि किड्याच्या पाण्यातल्या बाल्यावस्थेची नक्कल म्हणजे निम्फ.

फ्लाय बांधताना गळ एका छोट्या शिकंज्यात पकडतात आणि बॉबिनमधून येणाऱ्या दोऱ्याने एकेक वस्तू गळाच्या दांडीवर आवळत जातात. बॉडीसाठी बहुतेक वेळा मऊ लोकर दोऱ्यावरच पिळतात आणि तो लोकरीचा दोरा दांडीवर गुंडाळतात. या लोकरीला डबिंग म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे सारखा येणार आहे.

दोरा कुठे कुठे दिसतो?

नवीन माणसाला वाटतं, दोरा म्हणजे फक्त चिकटपट्टी. वस्तू धरून ठेवल्या की काम झालं. प्रत्यक्षात तो चार ठिकाणी दिसतो:

१. डोक्यावर. फ्लाय पूर्ण झाली की गळाच्या छिद्राजवळ दोऱ्याची गाठ बसते. हा भाग उघडाच असतो.

२. शेपटीच्या मुळाशी. इथे डबिंग सुरू होण्याआधीचे दोन-तीन वेढे उघडे राहतात.

३. डबिंगच्या आतून. ओली झाल्यावर लोकर पारदर्शक होते आणि खालचा दोरा तिच्यातून झळकतो. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते.

४. बॉडी म्हणून. काही फ्लायमध्ये डबिंग नसतंच. दोरा हीच बॉडी असते.

ज्यांनी वेबसाइट बनवली आहे त्यांच्यासाठी सोपं उदाहरण: डबिंग म्हणजे अर्धपारदर्शक लेयर आणि दोरा म्हणजे बॅकग्राउंड कलर. वरच्या लेयरची ओपॅसिटी कमी झाली की बॅकग्राउंड बोलायला लागतो. आणि पाणी नेमकं तेच करतं, ओपॅसिटी कमी करतं.

ओलं झाल्यावर रंग का बदलतो?

यामागचं विज्ञान अवघड नाही. प्रकाश एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात जाताना, दोघांच्या अपवर्तनांकात जितका फरक जास्त तितका तो सीमेवर जास्त परावर्तित होतो आणि विखुरतो. हवेचा अपवर्तनांक जवळजवळ १, पाण्याचा १.३३, आणि रेशीम, नायलॉन, लोकर यांचा साधारण १.५ ते १.६.

कोरड्या डबिंगमध्ये तंतूंच्या मध्ये हवा असते. १ आणि १.५५ हा मोठा फरक. त्यामुळे प्रकाश वरच्यावरच विखुरतो आणि आपल्या डोळ्याकडे परत येतो. म्हणून कोरडी लोकर फिकट आणि अपारदर्शक दिसते. भिजल्यावर हवेच्या जागी पाणी येतं. आता फरक १.३३ आणि १.५५ एवढाच. प्रकाश कमी विखुरतो, आत खोल जातो, खालच्या दोऱ्यावर आपटतो आणि त्याचा रंग घेऊन बाहेर येतो. दोरा काळा असेल तर बाहेर येतच नाही, तिथेच गिळला जातो.

म्हणजे ओलं झाल्यावर दोन गोष्टी एकदम होतात: वरचा रंग गडद होतो आणि खालचा रंग दिसायला लागतो. दोऱ्याच्या रंगाचा निर्णय या दोन्हींचा हिशेब करून घ्यायचा असतो.

माझी डझनभर चूक

गेल्या वर्षी जूनमध्ये सरांनी विचारलं, "साइज सोळाच्या डझनभर पेल मॉर्निंग डन बांधून देशील का?" पेल मॉर्निंग डन हा अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या नद्यांवर उन्हाळ्यात निघणारा फिकट पिवळसर मेफ्लाय. सरांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. सोळा नंबरचा गळ म्हणजे जेमतेम सेंटिमीटरभर, त्यावर बांधणं त्यांना आता जमत नव्हतं. ऑपरेशनची तारीख ठरलेली होती, गाडी चालवणं बंद झालं होतं. त्या मोसमात नदीवर जायला त्यांच्याकडे एकच दिवस होता, आणि तो मी त्यांना घेऊन जाणार होतो.

मी मन लावून बांधल्या. डबिंग अगदी बरोबर निवडलं, लिंबू कलरचं, मऊ. दोरा मात्र माझ्याकडे काळाच होता. बारीक आणि मजबूत, सगळ्याला चालतो असं मला वाटायचं. कोरड्या फ्लाय ओळीने मांडून फोटो काढला तेव्हा मी स्वतःवरच खूश झालो होतो.

जुलैमध्ये आम्ही साउथ प्लॅट नदीवर, डेकर्सजवळ गेलो. सकाळी दहाच्या सुमारास किडे निघायला लागले, मासे वर येऊन टिपायला लागले. सरांची फेक अजूनही सुरेख पडते. मासे फ्लायखाली येत होते, क्षणभर थांबत होते आणि वळून जात होते. तासाभराने सरांनी फ्लाय हातात घेतली, पाण्यात बुडवली आणि आकाशाकडे धरून मला म्हणाले, "हिचा रंग सांग."

मी बघितलं. राखाडी. सायीत काजळ मिसळावं तशी.

ते म्हणाले, "मला आजकाल पांढरा आणि पिवळा वेगळे कळत नाहीत. पण राखाडी कळतो."

एका दिवसावरून काही सिद्ध होत नाही, हे गणिताच्या शिक्षकाला मी सांगायची गरज नव्हती. मासे दुसऱ्याही कारणांनी नाकारतात: धागा ओढला जातो, सावली पडते. पण घरी आल्यावर मी तीच फ्लाय, तेच डबिंग, एक काळ्या दोऱ्यावर आणि एक फिकट पिवळ्या दोऱ्यावर बांधली आणि दोन्ही पाण्याच्या ग्लासात सोडल्या. एक मेफ्लायसारखी दिसत होती, दुसरी घाण पाण्यातल्या बोळ्यासारखी. हे कळायला मासा लागत नाही. मी ही गोष्ट जुलैऐवजी जूनमध्ये करायला हवी होती, एवढंच.

जुन्या लोकांना हे माहीत होतं का?

होय, आणि चांगलंच माहीत होतं. त्यांच्या कित्येक फ्लायच्या नावातच दोऱ्याचा रंग आहे.

ग्रीनवेल्स ग्लोरी: १८५४ मध्ये डरहमचे पाद्री विल्यम ग्रीनवेल यांनी स्कॉटलंडमधल्या ट्वीड नदीवर दिसलेल्या किड्याचा नमुना दाखवला आणि स्प्राउस्टन गावच्या जेम्स राइट यांनी त्यावरून फ्लाय बांधली. बॉडी म्हणजे फक्त पिवळं रेशीम. पण त्या रेशमाला चांभाराचं काळपट मेण चोळायचं, म्हणजे पिवळ्याचा शेवाळी होतो. रंग रिळावर नाही, प्रक्रियेत तयार होतो.

पार्ट्रिज अँड ऑरेंज: इंग्लंडच्या उत्तरेकडची, यॉर्कशायर भागातली जुनी वेट फ्लाय. नारिंगी रेशमाची बॉडी आणि पुढे तितराच्या तपकिरी पिसाचा एक-दोन वेढे घातलेला झुपका. कोरडी असताना भडक नारिंगी दिसते. ओली झाली की गळाची काळी दांडी खालून वर येते आणि रंग विटकरी-चॉकलेटी होतो. म्हणजे त्या फ्लायचा खरा रंग नारिंगी नाहीच.

वॉटरहेन ब्लोआ: पिवळ्या रेशमावर चिचुंदरीसारख्या मोल या प्राण्याची राखाडी लोकर अगदी विरळ, धुक्यासारखी लावायची. विरळ कशासाठी? पिवळा आतून दिसावा म्हणून. नवीन माणूस लोकर जाड लावतो आणि फ्लायचा जीवच घालवतो.

पेनसिल्व्हेनियाचे जेम्स लायझनरिंग यांचं वेट फ्लायवरचं पुस्तक १९४१ मध्ये आलं. ते मेण लावलेल्या रेशमाच्या दोन पदरांमध्ये लोकर पिळून बॉडी आधीच तयार करून ठेवत. आतल्या रेशमाचा रंग ते लोकरीइतकाच काळजीपूर्वक निवडत.

आणि इंजिनिअर मंडळींसाठी खास: जे. डब्ल्यू. डन. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शेपूट नसलेली विमानं बनवणारे ब्रिटिश विमान इंजिनिअर. १९२४ मध्ये त्यांचं ड्राय फ्लायवरचं पुस्तक आलं. त्यांचं म्हणणं असं की किड्याच्या अंगातून ऊन आरपार जातं, मग फ्लाय अपारदर्शक का? त्यांनी गळाची दांडी पांढऱ्या रंगाने रंगवली, त्यावर कृत्रिम रेशीम गुंडाळलं आणि तेल लावलं. तेलाने रेशीम पारदर्शक झालं आणि खालच्या पांढऱ्यामुळे रंग उजळ राहिला. बॅकग्राउंड कलर पांढरा ठेवण्याची ही शंभर वर्षांपूर्वीची युक्ती आजही तशीच चालते.

याउलट टोक म्हणजे इंग्लंडच्या विल्टशायरमधल्या एव्हन नदीचे रखवालदार फ्रँक सॉयर. त्यांच्या फेजंट टेल निम्फमध्ये दोरा वापरतच नाहीत. तांब्याची बारीक तार हाच दोरा, तेच वजन आणि तोच खालचा तांबूस रंग.

ट्राउटला रंग दिसतो का?

दिसतो. लहान ट्राउटच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी चार प्रकारच्या असतात: लाल, हिरवा, निळा आणि अतिनील. मासा मोठा होतो तशा अतिनीलच्या पेशी बऱ्याच कमी होतात. पण माशाला काय दिसतं हे त्याच्या जागेवरही अवलंबून असतं.

ड्राय फ्लाय तो खालून बघतो, आकाशाच्या उजेडात. इथे पिसांची फक्त बाह्यरेषा दिसते, पण पाण्याला टेकलेल्या बॉडीतून प्रकाश आरपार येतो. गडद दोरा असेल तर तो मधोमध काळ्या रेघेसारखा दिसतो.

वेट फ्लाय आणि निम्फ तो बाजूने बघतो. इथे वरून येणारा प्रकाश बॉडीवर पडून परत येतो, म्हणून दोऱ्याचा रंग आणखी महत्त्वाचा.

"पाण्यात लाल रंग दिसतच नाही" असं बरेच जण सांगतात. हे खोल समुद्राचं ज्ञान ओढ्याला लावणं झालं. शुद्ध पाण्यात एक मीटर अंतर गेल्यावरही ६५० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाचा सुमारे ७० टक्के भाग शिल्लक असतो. ट्राउटच्या नदीत बहुतेक वेळा फ्लाय त्याहून वर असते. पाणी गढूळ किंवा चहाच्या रंगाचं असेल तर गोष्ट वेगळी.

दोऱ्याचा प्रकार आणि जाडी

रंगाइतकाच दोरा कशाचा आहे हेही बघावं लागतं, कारण रंग धरण्याची पद्धत वेगळी असते.

रेशीम: चमक सुंदर, ओलं झाल्यावर सगळ्यात जास्त गडद होतं. मेण आणि तेल लगेच पितं.

नायलॉन: थोडा ताणला जातो, सपाट बसतो, रंग चांगला धरतो.

पॉलिस्टर: कमी ताणला जातो, रंग टिकाऊ.

जेल-स्पन पॉलिएथिलीन: फारच मजबूत, हरणाचे केस आवळायला उत्तम. पण हे प्लास्टिक रंग शोषत नाही. रंगीत मिळालं तरी रंग वरवरचा असतो. पांढरं घ्या आणि लागेल तिथे परमनंट मार्कर फिरवा.

जाडी बघताना डेनियर बघा. डेनियर म्हणजे ९,००० मीटर दोऱ्याचं ग्रॅममधलं वजन. रिळावर ६/०, ८/० असे जुने आकडे असतात, पण ते कंपनीगणिक बदलतात. एका कंपनीचा ६/० सुमारे ७० डेनियरचा असतो तर दुसरीचा जवळजवळ दुप्पट. १२ ते १८ नंबरच्या गळांसाठी ७० डेनियरच्या आसपास धरून चाला.

आणखी एक गोष्ट: दोऱ्यात पीळ असतो. बॉबिन लोंबकळत सोडून पिळाच्या उलट फिरवली की दोरा सपाट होतो आणि रंग एकसारखा पसरतो. पीळ ठेवला की वेढ्यांच्या मध्ये सावली पडते आणि रंग गडद वाटतो. एकाच रिळातून दोन छटा मिळतात.

रंग कसा निवडायचा? पायरी पायरीने

पायरी १: किडा उलटा करून बघा. नदीवर खरा किडा सापडला तर त्याची पाठ नाही, पोट बघा. मासा खालून बघतो आणि पोट बहुतेक वेळा पाठीपेक्षा फिकट असतं.

पायरी २: बॉडी पारदर्शक होणार की नाही ते ठरवा. विरळ डबिंग, फ्लॉस, एकेरी पिसाची काडी हे सगळं पारदर्शक होतं. फोम, मोराच्या पिसाचा जाड थर, धातूची पट्टी, जाड लोकरी दोरा हे होत नाही.

पायरी ३: बॉडी पारदर्शक असेल तर दोरा पोटाच्या रंगाचा घ्या, पण एक छटा फिकट. ओला झाल्यावर तो आपोआप त्या छटेवर येतो.

पायरी ४: बॉडी अपारदर्शक असेल तर प्रश्न फक्त डोकं आणि शेपटीपुरता. बॉडीच्या जवळचा कुठलाही रंग चालतो. काळा दोरा इथे बिनधास्त वापरा.

पायरी ५: गळाची दांडी विसरू नका. बहुतेक गळ काळपट किंवा काशाच्या रंगाचे असतात. फिकट फ्लाय बांधायची असेल तर आधी दांडीवर पांढऱ्या दोऱ्याचा एक थर द्या, मग काम सुरू करा.

पायरी ६: मुद्दाम उठून दिसणारा रंग हवा का? निम्फच्या मानेशी किंवा शेपटीजवळ फ्लोरोसंट नारिंगी किंवा गुलाबी दोऱ्याचे चार-पाच वेढे देतात. त्याला हॉट स्पॉट म्हणतात. फ्लोरोसंट रंग अतिनील आणि निळा प्रकाश शोषून लांब तरंगलांबीचा प्रकाश बाहेर टाकतो, म्हणून ढगाळ हवेत आणि संध्याकाळी तो आजूबाजूपेक्षा उजळ दिसतो. वेगवान किंवा किंचित गढूळ पाण्यात उपयोगी. स्वच्छ, संथ पाण्यात मी टाळतो.

पायरी ७: ग्लास टेस्ट. खाली सांगतो.

कुठल्या फ्लायला कुठला दोरा?

रंगांची नावं मी आपल्या मॅचिंग सेंटरमधली वापरतो, कारण मला तीच पटकन कळतात.

पेल मॉर्निंग डन, लाइट काहिल: लिंबू किंवा मोतिया. काळा नको.

ब्लू विंग्ड ऑलिव्ह: फिकट शेवाळी. गडद शेवाळी ओला झाला की काळपट होतो.

अ‍ॅडम्स (१९२२ मध्ये मिशिगनच्या लेन हॅलडे यांनी बांधलेली): राखाडी. बॉडीच करडी असल्यामुळे काळाही चालतो.

एल्क हेअर कॅडिस: बदामी. केस आवळायचे असतात म्हणून दोरा मजबूत हवा.

हेअर्स इअर निम्फ: बदामी किंवा चॉकलेटी.

फेजंट टेल निम्फ: विटकरी किंवा सॉयरसारखी तांब्याची तार.

झीब्रा मिज: इथे दोरा हीच बॉडी आणि वर चंदेरी तारेचे वेढे. काळा, लाल, शेवाळी हे तिन्ही ठेवा. लाल का? तळाच्या चिखलात राहणाऱ्या काही मिजच्या अळ्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, त्या खरोखर लाल असतात.

वूली बगर: जाड, अपारदर्शक बॉडी. बॉडीच्या रंगाचा दोरा घ्या आणि पुढे चला.

ग्लास टेस्ट कशी करायची?

एक साधा काचेचा ग्लास, पाणी आणि खिडकी एवढंच लागतं.

नवीन दोरा आणि नवीन डबिंग एकत्र वापरणार असाल तर आधी एकच फ्लाय बांधा. डझनभर नाही. ती पाण्यात बुडवून बोटांनी दाबा, म्हणजे तंतूंमधली हवा निघून जाईल. हे केलं नाही तर हवेचे बुडबुडे खरा रंग लपवतात. मग ग्लास खिडकीसमोर धरून दोनदा बघा: एकदा उजेड मागून येताना, म्हणजे मासा ड्राय फ्लाय बघतो तसं, आणि एकदा उजेड आपल्या पाठीमागून येताना, म्हणजे निम्फ बघतो तसं.

हे दिवसाच करा. पिवळ्या बल्बखाली पांढरा आणि फिकट पिवळा सारखेच दिसतात. आई ब्लाउज पीसला मॅचिंग दोरा घ्यायला गेली की रीळ घेऊन दुकानाच्या पायरीवर उजेडात यायची, दुकानदार कितीही सांगो. तेव्हा मला कंटाळा यायचा. रात्रीच बांधत असाल तर टेबलावर निदान ५,००० ते ६,५०० केल्व्हिनचा एलईडी दिवा ठेवा.

नेहमी होणाऱ्या चुका

१. एकच काळा दोरा सगळ्याला वापरणं. ही माझी.

२. डबिंग आणि दोरा दोन्ही हुबेहूब किड्याच्या रंगाचे घेणं. दोन्ही ओले झाले की फ्लाय किड्यापेक्षा गडद होते.

३. डोक्यावर लावायच्या लाखेचा विचार न करणं. लाखही तंतूंमधली हवा घालवते, म्हणून फिकट दोरा तिने कायमचा गडद होतो.

४. गडद मेण फिकट दोऱ्याला लावणं. ग्रीनवेलसाठी ते हवं असतं, लाइट काहिलसाठी नाही. तिथे रंगहीन मेण वापरा.

५. मार्करने रंगवलेल्या दोऱ्याला लगेच लाख लावणं. शाई पसरते. आधी सुकू द्या.

सुरुवातीला किती रिळं घ्यायची?

पाच पुरतात: पांढरा, लिंबू, फिकट शेवाळी, चॉकलेटी आणि काळा. सगळे ७० डेनियरच्या आसपासचे. पांढरा आणि दोन-तीन मार्कर असले की मधल्या बऱ्याच छटा जमतात. सहावं रीळ घ्यायचंच असेल तर फ्लोरोसंट नारिंगी घ्या.

आणि एक कार्ड बनवा. पोस्टकार्डाच्या आकाराचा जाड पुठ्ठा घ्या. निम्म्या भागात प्रत्येक दोऱ्याची एक पट्टी कोरडी गुंडाळा. दुसऱ्या निम्म्या भागात तोच दोरा गुंडाळून त्यावर पातळ लाख लावा. सुकल्यावर तो भाग ओल्या रंगाच्या बराच जवळ दिसतो. प्रत्येक पट्टीखाली रंगाचं नाव आणि डेनियर लिहा. यापुढे दुकानात किंवा टेबलावर रीळ बघून नाही, हे कार्ड बघून ठरवा.

असं पहिलं कार्ड मी ऑगस्टमध्ये बनवलं, सरांसाठी. अक्षरं बोटभर मोठी, आणि प्रत्येक रिळावर कार्डावरचाच नंबर, म्हणजे रंग कळला नाही तरी नंबर कळेल. सप्टेंबरमध्ये त्यांचं पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दोन आठवड्यांनी त्यांनी कार्ड परत दिलं. तीन नंबरच्या पट्टीखाली मी "पांढरा" लिहिलं होतं, ते खोडून त्यांनी "मोतिया पिवळा" अशा अर्थाचा शब्द लिहिला होता.

मी कार्ड खिडकीत नेऊन बघितलं. त्यांचंच बरोबर होतं. पट्ट्या मी रात्री, बल्बखाली गुंडाळल्या होत्या.

या जुलैसाठी डझनभर फ्लाय बांधायच्या आहेत. या वेळी पहिली एकच बांधून ग्लासात सोडली आहे.